थोरल्या जाऊबाईंची मॅक्सी

मॅक्सी हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तो माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या, म्हणजे वहिनींच्या अंगावर. आमचं सासरचं गाव सावर्ड्यापासून आत. मे महिन्यात मुंबईकर आले की घर भरून जायचं. त्या वर्षी सकाळी मी मागील दारी आले, तर वहिनी फुलाफुलांचा पायघोळ झगा घालून विहिरीवरून कळशी आणत होत्या. चुलीशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "ही मडमीण कुठनं आली गो आपल्या घरात?"

वहिनींनी ते ऐकलं. "मुंबईस सगळ्या घालतात, आई. मोकळं वाटतं. पुढच्या खेपेस तुम्हाला पण आणते." सासूबाई हसल्या. तेव्हा ते अजून हसण्यावारी जात होतं.

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. वहिनी पस्तिशीच्या पुढे होत्या. भावोजी मुंबईला एका कंपनीत होते. लग्नाला बरीच वर्षं होऊनही त्यांना मूलबाळ नव्हतं. दर मे महिन्यात वहिनींबरोबर मुंबईतलं काहीतरी नवं घरात यायचं. एकदा फुग्याच्या बाह्यांचं पोलकं, एकदा उंच टाचांच्या सँडल. एकदा तर कुंकवाच्या जागी चिकटवायची टिकली, आणि त्याच वर्षी खांद्यापर्यंत कापलेले केस. वाडीतल्या बायका तोंडावर "छान दिसतंय हो" म्हणत आणि पाणवठ्यावर म्हणत, "पोर ना बाळ, मग नटणंच सुचायचं."

मी सगळ्यात धाकटी. रत्नागिरीत एका कचेरीत नोकरीला होते. मांडवीला आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. मुंबईला परत जाताना वहिनी दोन दिवस आमच्याकडे राहायच्या. त्या वर्षी त्यांनी माझ्यासाठीही एक मॅक्सी आणली होती. मी ती दाराला कडी लावूनच घालायची. घरमालकीण आली की वरून साडी गुंडाळायची. आमचे हे म्हणायचे, "एवढं भ्यायचं तर घालतेस कशाला?" तिशी ओलांडली होती, पदरी एक मुलगा होता. नव्या चालीचं काही दिसलं की मन तिकडे धावायचं आणि लगेच वाटायचं, आता आपलं वय का हे?

संध्याकाळी आम्ही दोघी समुद्रावर गेलो तेव्हा मी वहिनींना ते विचारलं.

"शोभतं की नाय ते अंगावर घातल्यावर कळतं," त्या म्हणाल्या. "ट्रंकेत ठेवून कसं कळणार?"

मग सँडल हातात घेऊन ओल्या वाळूत उतरल्या. म्हणाल्या, "लोकांच्या घरात दर दोन वर्षांनी पाळणा हलतो गो. माझ्या घरात नवं असं दुसरं काय येतंय? मी आपली टिकली आणते."

दोन वर्षांनी भावोजींनी घरात गोष्ट काढली. मधल्या दिरांना चार मुलीच होत्या. ते गावी शेती बघायचे. धाकटी तीन वर्षांची झाली होती. तिला आम्ही मुंबईला नेतो, शिकवतो, आमचीच म्हणून वाढवतो, असं भावोजी म्हणाले. ओटीवर पुरुष बसले होते, सासूबाई उंबऱ्याशी. वहिनी आणि मी माजघरात दाराआड उभ्या होतो.

मधल्या दिरांनी आईकडे पाहिलं. सासूबाई बोलल्या. "पोर द्यायला ना नाय माझी. पण ती नटवीच्या हाती नाय द्यायची. पोरीची आय व्हायचं तर आयशीसारखं राहायला लागतं. केस कापून, झगे घालून मुलं वाढत नाहीत."

भावोजींनी मान खाली घातली. मी वहिनींचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला, पदर सारखा केला आणि त्या सरळ ओटीवर गेल्या. "तुम्ही म्हणाल तशी राहीन, आई," एवढंच म्हणाल्या आणि परत आत आल्या. मुलीला मुंबईला न्यायचं ठरलं.

त्या खेपेस मांडवीला आल्या तेव्हा त्यांनी एक पिशवी माझ्यापुढे ठेवली. मॅक्सी, सँडल, टिकल्यांची पाकिटं, सगळं त्यात होतं. "तू वापर," म्हणाल्या. मी म्हटलं, "मी जपून ठेवते." त्यांचं माझ्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. मुलीला मुंबईत कुठल्या बालवाडीत घालायचं, तेच त्या पुनःपुन्हा बोलत होत्या.

पुढच्या मे महिन्यात सावर्ड्याच्या स्टँडवर मी त्यांना ओळखलंच नाही. केस अजून पुरेसे वाढले नव्हते म्हणून गंगावन लावून घातलेला अंबाडा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गडद रंगाची सुती साडी, दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर. कडेवर मुलगी होती. ती त्यांना मोठीआई म्हणायची. वहिनी खूश होत्या, हे मला सांगितलंच पाहिजे. एवढं खूश मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

पण घरी पोचल्यावर मुलीने आपल्या आईला, मधल्या जाऊबाईंना पाहिलं. पहिल्या दिवशी लाजली. दुसऱ्या दिवसापासून तिने आईचा पदर सोडला नाही. मोठीआईने हाक मारली की आईच्या पाठीमागे लपायची. निघायच्या दिवशी तापाने फणफणली. स्टँडवर तिला वहिनींच्या हाती दिलं तर असा आकांत केला की बसमधली माणसं उठून बघायला लागली. मधल्या जाऊबाईही तोंडात पदर कोंबून रडत होत्या. त्यांची तरी काय चूक?

वहिनींनी मुलीला त्यांच्याकडे दिलं. "राहू दे. रडवून नको न्यायला." बस सुटेपर्यंत त्या खिडकीतून मुलीकडे बघत हसत होत्या.

गणपतीला भेटलो तेव्हा मी ती पिशवी बरोबर नेली होती. मला वाटलं होतं, आता कसली अट राहिलीय? वहिनींनी पिशवी उघडलीसुद्धा नाही.

"लोक काय म्हणतील? पोर गेली आणि ही लागली नटायला."

"लोक आधीही म्हणतच होते, वहिनी."

"आधी मला हौस होती गो, म्हणून ऐकू यायचं नाय," त्या म्हणाल्या. "आता सगळं ऐकू येतं."

त्या वर्षी आमच्या कचेरीतल्या दोघी-तिघी पंजाबी ड्रेस घालून यायला लागल्या होत्या. मी कितीतरी दिवस ठरवू शकत नव्हते. गावाहून परतले आणि कापड घेऊन शिंप्याकडे गेले. धैर्य वगैरे काही नव्हतं. भीती वाटली. आज नको, या वयात नको, असं करत करत एक दिवस आपल्याला काही हवंसं वाटणंच बंद होईल, याची भीती. पहिल्या दिवशी कचेरीच्या पायऱ्या चढताना ओढणी दहादा सारखी केली. साहेबांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि फाईल मागितली. बस, तेवढंच झालं.

दशक सरता सरता गावाकडेही मॅक्सी आली. मधल्या जाऊबाई ती घालून अंगणात आंब्याची साटं वाळत घालायच्या. वाडीतल्या बायका ती घालून धुणी धुवायच्या. सासूबाईंची नजर अधू झाली होती, त्या कुणालाच काही बोलत नव्हत्या. मुंबईहून आलेली एवढी एकच बाई गडद साडीत असायची. मुलगी आता शाळेत जात होती आणि चुलत भावंडांबरोबर त्यांना मुंबईची काकू म्हणायची.

एकदा मी नवा ड्रेस घालून गेले होते. वहिनींनी माझ्या ओढणीचं टोक हातात घेतलं, अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळून पाहिलं.

"कापड चांगलं आहे," म्हणाल्या. "रंग जायचा नाय."

"तुम्हाला एक शिवू या का?"

त्यांनी टोक सोडलं. तांदूळ निवडायचे राहिले होते. त्या सूप मांडीवर घेऊन बसल्या, आणि मी त्यांच्या शेजारी बसून खडे वेचायला लागले.