आईचा उकिरडा

माझी आई गोवऱ्या थापत नसे, हे आधीच सांगून टाकतो. कळंबजवळच्या आमच्या गावात बाईनं गोवऱ्या न थापणं म्हणजे हसं करून घेणं. तिची चूल तुराट्यांवर, तुरीच्या वाळक्या काड्यांवर पेटायची. शेण, पालापाचोळा, ज्वारीची धसकटं, सगळं उकिरड्यात कुजायचं आणि मग रानात जायचं. वर्षानुवर्षं तिनं हेच केलं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. वडील गेले आणि धाकट्या चुलत्यांनी तिला बजावलं, "वहिनी, बाईमाणसाला शेती जमत न्हाय. औंदा ज्वारी बुडाली तर तुमचं रान म्याच कसणार." रान गेलं असतं तर आम्ही मायलेक त्यांच्या ओसरीवर तुकड्याला राहिलो असतो.

मी धाराशिवहून उर्दूतून मॅट्रिक होऊन आलेलो. विद्या अंगात मावत नव्हती. चुलते दर उन्हाळ्यात धसकटं पेटवून देत, रान कसं लख्ख दिसे. आमचंही तसंच दिसावं म्हणून आई बाजाराला गेलेली पाहून मी रानातल्या धसकटांच्या ढिगांना काडी लावली. ती परतली ती थेट रानात, ओलं पोतं घेऊन. आग विझवली आणि काजळल्या तोंडानं म्हणाली, "जाळलं की वाऱ्यावर गेलं. कुजलं तर रानात ऱ्हातं. लई शिकलास, एवढं न्हाय कळलं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण कळायला हवं होतं. पान हवेतून कार्बन घेतं, त्यातूनच ज्वारीचं ताट उभं राहतं, हे माझ्या पुस्तकात होतं. ताट जाळलं की तो कार्बन लगेच हवेत परत. कुजलं तरी बराच जातोच, पण काही मातीत मुरतो आणि तिला ओल धरायला शिकवतो. पुढं मास्तर होऊन मी जन्मभर हेच शिकवलं. समुद्र, जंगलं, खडक तो कसा साठवतात तेही सांगितलं. पण फळ्यावर मातीचं चित्र काढताना मला आईचा उकिरडाच दिसायचा. त्याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

त्या साली पेरणीनंतर पाऊस फिरकलाच नाही. बांधापलीकडं चुलत्यांची ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. अलीकडं आमची कंबरेच्या वर गेली, पोटात कणीस धरून पोटरीत आली, कणसं भरली. वर्षाची भाकरी निघेल इतकी.

रान ताब्यात घ्यायला निघालेले चुलते बांधावर थबकले. त्यांनी आमच्या रानातली वीतभर खालची माती उकरून मुठीत दाबली. तिचा गोळा झाला. मग आपल्या रानातली दाबली, ती बोटांतून गळून गेली. आई विळा घेऊन उभी होती.

चुलत्यांनी पटका सावरला आणि खाली बघत विचारलं, "वहिनी, उकिरड्याचा खड्डा किती खोल घ्यावा?"