बोरन्हाणाचा हलवा

माझ्या हातच्या हलव्याला काटा चांगला येतो, असं अख्खं कल्याण म्हणायचं. कुणी तसं म्हटलं की मी उठून आत जायची. लोकांना वाटायचं, बाई मोठी विनयशील आहे. कसला डोंबलाचा विनय! मला ते ऐकवत नव्हतं, एवढंच. आता परातीपुढे बसायची ताकद नाही, डोळेही गेले, आणि ज्यांच्यापासून लपवायचं ती माणसंही उरली नाहीत. तेव्हा सांगून टाकते.

प्लेगचं दुसरं साल होतं. मी सतरा वर्षांची. घरात मी आणि सासूबाई, दोघीच. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. हे मुंबईला एका पेढीवर कारकून होते आणि खानावळीच्या माडीवर राहायचे. एरवी शनिवारी घरी यायचे, पण त्या साली तेही बंद झालं होतं. कल्याणच्या स्टेशनात उतरणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टर तपासायचा, बायकांच्यासुद्धा काखेत हात घालायचा. अंग तापलेलं लागलं की तिथूनच खाडीकडच्या इस्पितळात रवानगी. इस्पितळ म्हणजे माडाच्या झापांचे मांडव आणि त्यांच्या बाजूला घरच्या माणसांना डांबायच्या झोपड्या. आमच्या आळीतून त्या मांडवात गेलेलं एकही माणूस परत आलं नव्हतं.

आळी निम्मी रिकामी झाली होती. ज्यांना परवडलं ते गावाबाहेर शेतात खोपटं बांधून राहायला गेले. आम्ही राहिलो आणि भिंतीपलीकडची शेजारीण राहिली. तिचा नवरा रेल्वेत, इगतपुरीला. सासू पहिल्या साथीत गेलेली. पदरात आठ महिन्यांची मुलगी. मी तिला वहिनी म्हणायची. वयाने माझ्याहून दोन वर्षांनीच मोठी, पण जिभेने दहा वर्षांनी. "तुझ्या सासूला सांग, मला काही सोवळंबिवळं समजत नाही, पोरीला तेल लावायला आले आहे," असं ओरडतच घरात शिरायची. सासूबाई तोंडाने चडफडायच्या आणि दोन्ही पाय लांब करून पोरीला त्यांवर घ्यायच्या. मला मूल नव्हतं. ती पोर माझ्या मांडीवर जेवढी झोपली तेवढी स्वतःच्या पाळण्यात झोपली नसेल.

संक्रांतीला आठ दिवस होते तेव्हा वहिनीने मला पांढऱ्या मोरस साखरेचा पुडा आणून दिला. "हिचं बोरन्हाण करायचंय. बिंदी, हार, बांगड्या, कंबरपट्टा, सगळं हवं. मुलगी आहे म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. एवढी माणसं मेली आळीत, एका तरी पोराच्या डोक्यावर बोरं पडू देत." मी हो म्हटलं. मला मनापासून आनंद झाला होता.

हलवा घाईने होत नाही. तीळ निवडायचे, किंचित भाजायचे, साखरेत दुधाचा शिपका टाकून मळी काढायची, पाक फडक्यातून गाळून घ्यायचा. मग मंद निखाऱ्यांवर परात ठेवून तिळांवर चमचा-चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी सारखं हलवत राहायचं. हात थांबला की दाणे चिकटले. निखारा जास्त झाला की साखर पिवळी पडली. पहिल्या दिवशी दाणा नुसता पांढरा होतो, दुसऱ्या दिवशी खरखरीत लागतो, काटा येतो तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तोही थंडी असली तर. त्या साली थंडी होती बाई, हाडं फोडणारी.

हलव्याचा दुसरा दिवस. सकाळची उन्हं ओटीवर आली होती आणि परसदारी कुणीतरी कडी वाजवली. दार उघडलं तर हे! एका मिठागरवाल्याच्या खांद्यावर भार टाकून उभे. ठाण्यालाच गाडीतून उतरले, कोपरीच्या खाडीवर जाऊन कल्याणला मीठ आणणाऱ्या पडावात, मोठ्या होडीत, बसले आणि मिठाच्या गोणींवर पडून आले. स्टेशनचा डॉक्टर चुकवायला केलेला हा उद्योग. त्या बिचाऱ्या माणसाने ह्यांना उंबऱ्याच्या आत बसवलं, आम्ही पाणी देईपर्यंतसुद्धा थांबला नाही, निघून गेला. ह्यांचे डोळे लाल, जीभ जड. सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि काढून घेतला. मग कमरेचं धोतर सैल करून पाहिलं. जांघेत लिंबाएवढी गाठ.

मी ओरडणार होते. सासूबाईंनी माझ्या तोंडावर हात दाबला. "आवाज काढशील तर माझ्या पोराला घेऊन जातील. मांडवात गेला की मेला. इथे कदाचित जगेल. समजलं?"

समजलं नसतं तर बरं झालं असतं.

माजघरापलीकडे कोठीची खोली होती. तिथे भाताची मोठी कणगी होती, माणसाच्या उंचीची. कणगी आणि भिंत यांच्यामध्ये आम्ही ह्यांना निजवलं. मी म्हटलं, पुढचं दार लावून घेऊ. सासूबाई माझ्यावर खेकसल्या, "अक्कल आहे का? ज्याचं दार बंद तिथेच तपासणीवाले पहिले येतात. दार उघडं ठेव. परात ओटीवर घेऊन बस. दरवर्षी बसतेस तशी. जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसू दे, ह्या घरात संक्रांत चालली आहे."

"पण ते पोरीच्या अंगावर घालायचं आहे," मी म्हटलं. "ह्यांना हात लावायचा आणि त्याच हाताने..."

"वहिनीला काय सांगणार आहेस? करत नाही म्हणून? का करत नाही विचारेल. मग?"

मी परात उचलून ओटीवर नेली. नवरा मला हवा होता. त्यात काय लपवायचं?

पुढचे दोन दिवस मी ओटीवर बसून हलवा हलवला. आतून सासूबाईंनी खाकरलं की परात निखाऱ्यांवरून उतरवायची आणि आत जायचं. अळशीचं पोटीस बदलायचं, घडी घालून ओलं फडकं कपाळावर ठेवायचं, ह्यांच्या तोंडात बोळा धरायचा, कारण तापाच्या भरात हे मोठ्याने पेढीवरचे हिशेब बडबडायचे. मग राखेने हात घासायचे, कातडी निघेपर्यंत घासायचे, आणि परत परातीपाशी. पाकाच्या वासात पोटिसाचा वास दबून जायचा. वहिनी दोनदा येऊन गेली. ओटीवरच बसली, परातीतले चार दाणे उचलून तोंडात टाकले, म्हणाली, "अगं, काय मेल्यासारखी दिसतेस? रात्री झोपत नाहीस का?" मी म्हटलं, थंडी फार आहे. तिच्या मांडीवर पोर माझ्याकडे झेपावत होती. मी तिला घेतलं नाही. हात पाकाचे आहेत, म्हणाले.

संक्रांतीच्या दिवशी सकाळीच वहिनी आली ती एकटीच, आणि दारातच कुजबुजली. तिला कुजबुजताना मी कधी ऐकलं नव्हतं. "पोरीचं अंग गरम लागतंय गं. पहाटेपासून किरकिर करते. दात येतायत, हिरड्या सुजल्या आहेत, मी बोट घालून पाहिलं. दुसरं काही नाही. पण कुणाला बोलू नकोस हां. ह्या मेल्यांना दात कळत नाहीत नि काही नाही, उचलून नेतील." मी म्हटलं, वेडी का तू, मी कशाला बोलू? ती माझ्या हाताला हात लावून गेली. तिने तिचं सांगितलं. मी माझं सांगितलं नाही.

दुपारी तपासणीवाले आळीत आले. एक गोरा सोजीर, एक डॉक्टर, दोन शिपाई आणि पुढे कागद घेतलेला आपला एक कारकून. समोरच्या दोन घरांतलं सामान रस्त्यावर फेकलेलं मला ओटीवरून दिसत होतं. सासूबाई उठून आत गेल्या आणि कोठीच्या दारात धान्य निवडत बसल्या. मला पळता येईना.  बोटं मात्र परातीत फिरत होती, त्यांना सवयच होती. त्या दिवशी काटा आला होता. टपोरा, पांढराशुभ्र, एकेक दाणा बघत राहावा असा.

कारकून पायरीशी आला. "बाई, घरात माणसं किती?"

"सासूबाई आणि मी. घरधनी मुंबईला असतात." मग काय सुचलं कोण जाणे, मी मूठभर हलवा उचलला आणि हात पुढे केला. "आज सण आहे. तिळगूळ घ्या."

साथीत कुणी कुणाच्या हातचं खात नव्हतं. तो घुटमळला. पण संक्रांतीच्या दिवशी तिळगुळाला नको कसं म्हणणार? त्याने पंच्याचं टोक पुढे केलं, हलवा घेतला, दोन दाणे तोंडात टाकले. तो चांगल्या घरचा माणूस होता, त्याला लाज वाटत असावी. मागे सोजीर शिपायांना काहीतरी ओरडला आणि आमच्या दाराकडे बोट दाखवलं. कारकून हळूच म्हणाला, "बाई, मला आत यायची इच्छा नाही. पण आळीत कुणी तापलेलं आहे असं वर कळलंय. रिकाम्या हाताने परत गेलो तर ही माणसं घर न् घर उकरतील. तुम्हाला काही ठाऊक आहे का?"

आतून ह्यांचा खोकला ऐकू आला. सासूबाईंनी लगेच सूप आपटलं आणि पाखडायला सुरुवात केली.

मी म्हटलं, "आमच्याकडे कुणी नाही हो. शेजारी तान्ह्या मुलीला ताप आहे."

एवढंच. मला कुणी मारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. सासूबाईंनी शिकवलंही नव्हतं. माझं मीच बोलले, आणि गोड आवाजात बोलले.

ते शेजारी गेले. वहिनीचा आवाज अख्ख्या आळीने ऐकला. "दात येतायत हो तिला! तोंडात बघा, दात येतायत!" डॉक्टरने तोंडात पाहिलं की नाही, मला माहीत नाही. मी परातीवरून मान वर केली नाही. तिला आणि पोरीला बैलगाडीत घातलं, घरातली अंथरुणं रस्त्यात पेटवली, दाराला चुन्याचा पट्टा ओढला. आमच्या घरात कुणी आलं नाही. सापडायचं ते सापडलं होतं.

सासूबाई बाहेर आल्या. मला वाटलं, काहीतरी बोलतील. त्या पोटीस शिजवायला वळल्या. पण त्या दिवसापासून त्यांनी मला कधी रागाने हाक मारली नाही, आणि ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

चार दिवसांनी ह्यांची गाठ फुटली, पू वाहून गेला, ताप उतरला. मी आनंदाने रडले. हो, रडले. त्याच संध्याकाळी दूधवाल्याने सांगितलं की शेजारची पोर झोपडीत दगावली. तिला प्लेग नव्हताच म्हणे. खाली ओली जमीन, वर झाप, अंगावर एक फडकं, आणि ती थंडी. छातीत कफ भरला. तरी वहिनीला डांबायचे ठरलेले दिवस भरेपर्यंत सोडलं नाही. ह्यांना अन्न जात नव्हतं, साखरेचं पाणी तेवढं पोटात राहायचं, आणि बाजारातली दुकानं बंद. घरात साखर होती ती पोरीच्या दागिन्यांचीच. पोर परत येईल म्हणून बांगड्या मी गुंफून ठेवल्या होत्या, बिंदीही झाली होती. सासूबाईंनी दोरा तोडला आणि दाणे पाण्यात टाकले. मी वाटी धरली, हे प्यायले. "गोड आहे," म्हणाले.

रथसप्तमी होऊन गेल्यावर वहिनी परत आली. स्वतःच्या घरात गेलीच नाही, सरळ आमच्याकडे आली. पूर्वीसारखी ओरडत नाही, नुसती आली. माझ्या गळ्यात पडली आणि ढसाढसा रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "कुणी गं सांगितलं?" ती म्हणत होती. "मी कुणालाच बोलले नव्हते. तुझ्याशिवाय कुणालाच..." एवढं बोलून ती थांबली. तिच्या मनात काही आलं म्हणून नाही. माझ्या खांद्यावरून तिला माजघर दिसत होतं, आणि तिथे हे भिंतीला टेकून बसले होते. दाढी वाढलेली, गालांची हाडं वर आलेली, एक पाय उशीवर लांब केलेला, जांघेला बांधलेलं फडकं धोतरातूनही कळत होतं.

तिने माझ्या गळ्यातले हात काढले. माझ्याकडे पाहिलं.  ती उठली आणि गेली.

त्या दिवशी आम्ही जेवलो नाही. सासूबाई म्हणाल्या, "आता ती सांगणार." मीही तेच धरून चालले होते. साथ संपली नव्हती, तपासणीवाले अजून फिरत होते. ह्यांची जखम ओली होती, चालता येत नव्हतं, कुठे हलवणार? तिला एक शब्द बोलायचा होता फक्त, आणि तिने बोलू नये असं मला कुठल्या तोंडाने म्हणता आलं असतं?

तिसऱ्या दिवशी ते आले. तोच कारकून. ह्या खेपेला तो आधी तिच्या दारात गेला. मी आमच्या दाराआड उभी होते, मधे हातभर भिंत. तो म्हणाला, "बाई, तुमच्या बाबतीत जे झालं ते झालं. माझा इलाज नव्हता. शेजारी कुणी आजारी आहे का, तेवढं सांगा."

भिंतीपलीकडे वहिनीच्या दाराची कडी वाजली. 

मग ती म्हणाली, "त्यांच्याकडे सगळी बरी आहेत," आणि तिने दार लावून घेतलं.