लाल ठिपक्याची भांडी

बदलापूरला आमच्या घरी नळाला पाणी दिवसाआड यायचं, पण बाहेरच्या खोलीत समुद्र होता. चांगली चार फुटी काचेची टाकी भरून. नव्वदच्या आसपास बाबांच्या डोक्यात हे खूळ शिरलं, ते काही निघालं नाही. बाबा अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. गोड्या पाण्यातले मासे काय, कोणीही पाळतं, असं त्यांचं मत. खाऱ्या पाण्यातले पाळायचे म्हणजे केमिस्ट्री यायला हवी. कंपनीचा एक टेम्पोवाला उरणकडे जायचा, तो येताना कॅन भरून समुद्राचं पाणी आणायचा. जिन्यातून कॅन वर चढताना बघून शेजारच्या काकू म्हणायच्या, "एवढं करताय तर एखादा तळा तरी." आम्ही शाकाहारी होतो आणि ते काकूंना चांगलं माहीत होतं.

मासे आणायला बाबा उल्हासनगरला जात. तिथल्या सिंधी दुकानदाराशी त्यांची दोस्ती होती. एकदा त्याने, "साईं, एकदम फ्रेश माल आहे, बॉम्बेहून आजच आलाय," म्हणत दोन निळे मासे गळ्यात मारले आणि बाबांनी ते त्याच दिवशी मोठ्या टाकीत सोडले. आठवड्याभरात सगळ्या माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले. मासे दगडांना अंग घासायला लागले, मग खाणं सोडून वर येऊन श्वास घ्यायला लागले, आणि एकेक करून गेले. उरला एकटा जोकर. दुकानात त्याला जोकरच म्हणत: नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे, आणि पोहणं असं की कोणीतरी मागून ढकलतंय. बाबा मेलेले मासे जाळीने काढत होते आणि मी आणि आई दारात उभ्या होतो. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला त्यांची फार दया आली, कारण माणूस हुशार होता आणि चूक अगदी साधी होती.

मग त्यांनी कुठून कुठून पुस्तकं मिळवून वाचली. ते ठिपके म्हणजे अंगात रुतून बसलेले किडे. ते गळून तळाशी जातात, मासा बरा झाला असं आपल्याला वाटतं, आणि तळाशी त्यांची पिल्लं तयार होऊन पुन्हा माशावर येतात. त्यावर औषध मोरचूद. वांगणीचे शेतकरी झाडांवर फवारतात तेच निळं मोरचूद, फक्त चिमटीच्याही चिमटीएवढं. थोडं कमी पडलं तर किडा मरत नाही, थोडं जास्त झालं तर मासा मरतो. शिवाय मोठ्या टाकीत ते घालायची सोय नाही, कारण तिथल्या गोगलगायी आणि शिंपले त्याने मरतात. म्हणून नवा मासा आला की आधी त्याला वेगळ्या टाकीत ठेवायचं, तिथेच औषध द्यायचं, आणि पुरती खात्री पटली की मग आत घ्यायचं.

ही छोटी टाकी स्वयंपाकघरात खिडकीखाली आली. तिच्यात वाळू नाही, दगड नाहीत, मासा लपायला म्हणून नुसता प्लंबरकडून आणलेला पाइपचा तुकडा. तिची जाळी वेगळी, नळी वेगळी, पाणी काढायचा मग वेगळा. घोटाळा होऊ नये म्हणून बाबांनी माझी नेलपॉलिशची बाटली घेतली आणि प्रत्येक वस्तूवर एकेक लाल ठिपका काढला. "लाल ठिपका मोठ्या टाकीला लावायचा नाही," त्यांनी आम्हा दोघींना बजावलं. आई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "मला सांगायला नको."

तिला सांगायला खरंच नको होतं. आमच्या घरात आधीच एका वस्तूवर लाल ठिपका होता, तो तिच्या कपाच्या बुडावर.

मी शाळेत असताना आईला टीबी झाला होता. घरात हा शब्द कोणी उच्चारायचं नाही, ‘आईचं दुखणं’ म्हणायचं. कित्येक महिने ती लांबच्या इस्पितळात होती. बाबा दर सुट्टीला डबा घेऊन जायचे आणि आल्यावर थेट आंघोळीला जायचे. ती घरी यायच्या आदल्या दिवशी त्यांनी सहा कपांच्या सेटमधला एक कप काढला आणि तिच्याच नेलपॉलिशने बुडावर ठिपका दिला. एक ताटही वेगळं ठेवलं होतं. तेव्हा डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. पुढे औषधं संपली, तपासण्या झाल्या आणि डॉक्टर म्हणाले, "आता अगदी बऱ्या आहात, सगळ्यांत जेवा." ताट कधी इतर ताटांत मिसळून गेलं, कळलं नाही. कप मात्र राहिला. तो ओट्याच्या टोकाला एकटा उपडा असायचा, म्हणजे ठिपका वर. आणि कोणी चहा हातात दिला, तर प्यायच्या आधी आई कप वर उचलून बुडाकडे बघायची, आपलाच आहे ना म्हणून.

मला याचा भयंकर राग यायचा. बाबांचा यायचा, की ज्यांना प्रत्येक गोष्टीचं शास्त्र कळतं त्यांना एवढं कळत नाही. आणि आईचा जास्त. एकदा मी तो कप सरळ इतर कपांत नेऊन ठेवला. तिने तो उचलला आणि परत टोकाला ठेवला. "राहू दे गं. वेगळं करताना काळजीपोटी केलं त्यांनी. आता मी होऊन कशी मिसळू? त्यांच्या मनात अजून असेल तर?"

म्हणजे तिला कपाचं दुःख नव्हतंच. तिला बाबांनी सांगायला हवं होतं, आणि बाबांच्या ते गावीही नव्हतं.

तर, त्या छोट्या टाकीत दुसरा जोकर आला. आधीच्यापेक्षा लहान. एकट्या उरलेल्या जोकरला जोडीदार म्हणून बाबांनी तो मुद्दाम शोधून आणला होता. आल्यावर चार-पाच दिवसांत त्याच्याही शेपटीवर ठिपके दिसले आणि बाबांनी लॅबमध्ये मोजून आणलेलं औषध सुरू केलं. मासा पाइपात शिरून बसला. खाईना. बाबा कामावर, मी उल्हासनगरला कॉलेजात, दिवसभर घरी आईच. तिने पाट ओढून टाकीजवळ घेतला. भाजी तिथेच निवडायची, तांदूळ तिथेच. आणि त्याच्याशी चक्क बोलायची: आज मेथी स्वस्त मिळाली, पालेगावच्या भाजीवालीने जास्तीची दिली, काकूंचं गुडघ्याचं दुखणं वाढलंय.

मी चेष्टा केली, "त्याला मराठी येतं का?"

"औषध सगळे देतात," ती मेथी खुडत म्हणाली, "जवळ कोणी बसत नाही."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तो पाइपातून बाहेर आला आणि तिच्या हातून खायला लागला. पुढे तर तिचं पातळ दिसलं की काचेपाशी येऊन नाचायचा. ठिपके गेले, रंग चढला. पुस्तकात सांगितलेली मुदत झाली. आई म्हणाली, "आता सोडा की हो त्याला तिकडे. तो मोठा बिचारा एकटा आहे, हाही एकटा."

"अजून एक आठवडा," बाबा म्हणाले. तो आठवडा झाल्यावर पुन्हा, "अजून एक. ठिपका दिसत नाही म्हणजे नाही असं नाही."

मी भांडले. पुस्तक उघडून दाखवलं. बाबा म्हणाले, "मागचं विसरलीस?" मागचं मीही विसरले नव्हते, त्यामुळे पुस्तक मिटलं. आई पाटावरून उठून गेली. त्यानंतर तिने सोडा म्हटलं नाही. तिने मागितलेलं आणि बाबांनी नाकारलेलं काय होतं, ते मला लख्ख दिसत होतं आणि बाबांना अजिबात दिसत नव्हतं.

शुक्रवारी आमच्याकडे वीज जायची. कारखान्यांना सुट्टी, त्यामुळे बाबा घरी असायचे. मोठ्या टाकीत पाणी भरपूर, तिथे चालून जायचं; छोट्या टाकीतला हवेचा पंप बंद पडला की ते लाल ठिपक्याच्या मगाने पाणी काढून उंचावरून परत ओतत बसायचे, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. त्या शुक्रवारी मलाही सुट्टी होती. सकाळी तो मग बाबांच्या हातून पडला आणि तडकला. नवा मग आणि सेलवर चालणारा पंप आणतो म्हणून ते उल्हासनगरला गेले. वीज नेहमी दुपारी जायची, तोवर येतो म्हणाले. वीज ते गेल्या गेल्याच गेली.

बराच वेळ काही नाही. मग मासा वर आला आणि पाण्याच्या कडेला तोंड उघडमिट करायला लागला. मी मांडणीवरून एक गडू ओढला. आईने माझा हात धरला. "त्यांनी काय सांगितलंय? त्या पाण्याला घरातलं भांडं लावायचं नाही. वेगळंच हवं." तिने एकदा ओट्याकडे बघितलं, टोकाचा कप उचलला आणि टाकीत बुडवला. पाणी घेतलं, हात वर नेला, बारीक धार धरून सोडलं. पुन्हा घेतलं. मी करते म्हटलं तर दिला नाही. बाबा येईपर्यंत ती तशीच उभी होती. हात भरून आल्यावर फक्त हात बदलायची.

बाबा घामाघूम होऊन दारात आले. त्यांनी आधी माशाकडे बघितलं. मासा पाण्याच्या मध्यात होता, ठीक होता. मग त्यांनी कपाकडे बघितलं.

"हा कशाला घेतलास?"

"वेगळं भांडं हवं होतं ना," आई म्हणाली. "घरात वेगळं एवढंच आहे."

ती टोमणा मारत नव्हती. माझी आई टोमणे मारणाऱ्यातली नव्हतीच, तिने जे होतं ते सांगितलं. बाबा हातात पिशवी घेऊन उभे राहिले. मग त्यांनी पंप लावला, बुडबुडे सुरू झाले, आणि आईच्या हातातून त्यांनी कप काढून घेतला.

"हा आता चहाला चालणार नाही. मोरचूद लागलंय."

मी केमिस्ट्रीच घेतली होती. म्हटलं, "बाबा, चिनी मातीचा आहे. दोनदा धुतला की झालं."

हे मला बाबांनीच शिकवलं होतं. लॅबमध्ये ते वर्षानुवर्षं बीकरमधून चहा पीत आले होते, ज्यात सकाळी काय काय उकळलेलं असायचं देव जाणे. आम्ही शहारलो की हसून म्हणायचे, "धुतली की काच नवी." आयुष्यभर हे सांगणारा माणूस माझ्याकडे न बघता म्हणाला, "नाही. हा धुऊन चालणार नाही. हा त्या टाकीचा."

आणि त्यांनी तो कप जाळीशेजारी, ठिपकेवाल्या वस्तूंत ठेवून दिला.

त्या दिवशी दुपारचा चहा बाबांनी केला. त्यांना चहा करता येतो हे मला तेव्हा समजलं. मांडणीवरचे तीन कप काढले, भरले, एक आईच्या हातात दिला. आईने सवयीने कप वर उचलला आणि खालून बघितलं. तिथे काही नव्हतं. ती तशीच थांबली, कप हवेत.

"खाली काही नाहीये," बाबा म्हणाले. "काहीच नाहीये. पी."

ती प्यायली. साखर घालायला बाबा विसरले होते, ते तिने सांगितलं नाही आणि मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी बाबांनी छोट्या जोकरला मोठ्या टाकीत सोडलं. मोठा आधी लांब पळाला, मग वळून आला आणि त्याच्याभोवती फिरायला लागला. आई चहा घेऊन टाकीसमोर उभी राहिली होती. कुठल्या कपातून पीत होती ते मला सांगता येणार नाही. आमचे सगळे कप सारखेच होते.