धनुष्य वाळेपर्यंत

रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. कार्यालयं उसन्या इमारतींत आणि आम्ही समता कॉलनीत भाड्याच्या घरात. आई गेल्यावर बाबा वर्ध्याचं घर बंद करून माझ्याकडे आले, पण पाहुण्यासारखे. उभा जन्म रेल्वेत गेलेला माणूस. दर आठवड्याला एकच पालुपद. "मी जातो आता. मले इथं काय काम आहे?" त्या रिकाम्या घरात ते एकटे कसे राहतील, या विचाराने माझा जीव टांगणीला लागायचा. थांबा म्हणून विनवणं मात्र जमायचं नाही. मी नुसता चिडायचो.

त्याच दिवसांत मला धनुष्याचं वेड लागलं. एका तिरंदाजी शिबिरात कोरियन शिंगधनुष्याने एक बाण मारायला मिळाला होता, तेव्हापासून हात शिवशिवत होते. विकत घेणं ऐपतीबाहेर, म्हणून घरीच करायला घेतलं. मधे बांबू, पोटाकडून, म्हणजे मारणाऱ्याच्या बाजूने, म्हशीच्या शिंगाची पट्टी, पाठीवर म्हशीच्याच पायातल्या वाळलेल्या शिरा कुटून काढलेले धागे, आणि हे सगळं धरून ठेवायला माशाच्या पोटातल्या फुग्याचा सरस. तो शिजायला लागला तशी बायकोने नाकाला पदर लावला. "अहो, हे माझ्या ओट्यावर चालणार नाही, सांगून ठेवते."

सरस शेगडीसकट अंगणात गेला. वास आला म्हणून बाबाही बाहेर आले, आणि माझं काम बघून त्यांच्याने राहवेना.

"पोस्टर चिकटवून राहिला काय? सरक तिकडं."

त्या दिवसापासून धनुष्य निम्मं त्यांचं झालं. धागे विंचरायचे ते, थर बसवायचे ते. सरसाला ओल चालत नाही हे कळल्यावर भर मे महिन्यात त्यांनी आमचा कूलर बंद करायला लावला. घामाने निथळत बायको माझ्याकडे बघायची आणि मी छताकडे. पावसाळ्यात धनुष्य कपाटात, जळत्या बल्बशेजारी. "याले दोरी चढली का मी चाल्लो," बाबा येताजाता बजावायचे.

माझी मोठी पंचाईत झाली. ऑफिसातून आलो की आधी कपाट उघडायचो, धनुष्याच्या पाठीवर अंगठा दाबून बघायचो, रोज. दोरी चढवायची घाई मलाच होती, आणि धनुष्य वाळूच नये असंही मलाच वाटायचं. धड बसवत नव्हतं, धड उभं राहवत नव्हतं.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. त्याच दुपारी दोरी चढवायची असं मी ठरवलं. ओल लागू नये म्हणून धनुष्याच्या पाठीवर गुंडाळायला सदर बाजारातल्या पूजेच्या दुकानातून भूर्जपत्रही आणून ठेवलं होतं. ते चढेपर्यंत धागे उघडेच. सकाळी अंघोळ करून आलो तर पाटावर धनुष्य, वर झेंडूची फुलं, आणि बाबा पाणी शिंपडत नव्हते, तांब्याने ओतत होते.

"बाबा!" मी ओरडलोच. "काहून ओतून राहिले? तुम्हाले तर माहीत आहे ना!"

"पूजा आहे. पाणी तर लागतेच."

मी धनुष्य उचललं, पंच्याने पुसलं. पाठ फुगून मऊ पडली होती. इतक्या महिन्यांची मेहनत! रागाने माझे कान तापले. बायको स्वयंपाकघरातून आली, बाबांकडे बघून परत आत गेली.

बाबांनी तांब्या खाली ठेवला. माझ्याकडे न बघता विचारलं, "आता वाळायले किती दिवस लागतीन?"

"महिना तरी."

"मंग थांबा लागन," ते म्हणाले. आवाज इतका हलका होता की माझा राग तिथल्या तिथे विरला. कूलर बंद करायला लावणाऱ्या माणसाला पाण्याचं काय सांगायचं!

"महिन्यात नाही होत, बाबा," मी म्हणालो. "दोन धरा. पुढं थंडी आहे, थंडीत लवकर वाळत नाही."

रायपुरात थंडीत हवा किती कोरडी असते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. बाबांनी मान डोलावली.