पडलो तर कोण उचलणार?

"पडलो तर कोण उचलणार, ते आधी सांग."

हे त्याचं वाक्य. कुठंही जायचा विषय निघाला की पहिलं हेच. सायकलवर बसायच्या आधी दोन्ही ब्रेक दाबून बघायचा, मग मान वळवून मागं बघायचा, मग परत ब्रेक. मागं काय असायचं? आमच्या सलमाबादच्या वर्कशॉपचं गेट, वाळू, फार तर एखादं मांजर. पण बघायचा. अशी माणसं तुम्हीपण बघितली असतील. कुलूप लावून दहा पावलं जातात आणि परत येऊन ओढून बघतात. आपण त्यांना हसतो. मीपण हसलोय. पण हा आधीपासून असा नव्हता, म्हणून लिहायला बसलो.

मी चौथी शिकलेला माणूस, म्हसळ्याकडचा. बहारीनला, त्याच सलमाबादला, वेल्डिंग केलं, आणि माझा जोड सुटला असं म्हणणारा अजून जन्माला यायचाय. तो वसईचा, आमच्याच स्टोअरमध्ये नटबोल्ट आणि रॉड द्यायचा. खोली एक. त्याचा क्रूस आणि माझी नमाजाची चटई एकाच भिंतीला. मला भाय म्हणायचा. नाव लिहीत नाही, त्याला चालायचं नाही.

शुक्रवारची सुट्टी. सगळा कॅम्प दुपारपर्यंत लोळायचा, आणि हा पोरगा उजाडलं की सायकल काढून पार हिद्दच्या किनाऱ्याला जायचा, होड्या बघायला. पोरगा म्हणतोय, पण चाळिशीचा होता.

"वसईच्या होड्यांसारख्या आहेत काय रे?"

"नाही भाय. पण वास तोच."

एका शुक्रवारी मी आणि आमचा पेशावरचा ड्रायव्हर मेसची भाजी घेऊन पिकअपमधून येत होतो. हायवेच्या कडेला वाळूत सायकल आडवी दिसली. चाक मी ओळखलं, मीच जोडलेलं. बाजूला हा उताणा पडलेला. कोणत्या तरी गाडीचा आरसा मागून लागला होता आणि गाडी निघून गेली होती.

ड्रायव्हर म्हणाला, "मत उतर चाचा. उठानेवालाही फँसता है."

तिकडं ही भीती सगळ्यांना होती. उचललं की पोलीस विचारणार, तूच पाडलंस का. मग चौकी, मग ऑफिस, मग व्हिसा. मी उतरलो. मला कोणी मत उतर म्हटलं की मी उतरतोच, स्वभाव. हिंमत वगैरे काही नाही. जवळ गेलो तर डोळे उघडे, टकाटका आभाळ बघतोय.

"अरे, जिवंत आहेस ना? हलत का नाहीस?"

"हललो, आणि काही तुटलेलं निघालं तर?"

खांदा तेवढा सरकला होता. मी त्याला उचलला. शिव्या देत का होईना, ड्रायव्हरनं पाय धरले. हॉस्पिटलात जाईपर्यंत तो एकच बोलत होता. "किती गाड्या गेल्या, भाय. किती गेल्या."

खांदा बसला. भीती नाही बसली. सायकल खोलीच्या बाहेर खिळ्याला टांगली ती टांगलीच. हा रस्ता ओलांडायचा तो माझ्या शर्टाचं टोक धरून. शुक्रवारी दारात बसून सायकलची साखळी पुसायचा, ब्रेक दाबून बघायचा, मागं बघायचा, आणि परत टांगून ठेवायचा. वर्ष गेलं असं.

मग त्याची रजा आली. कंपनी दोन वर्षांनी तिकीट द्यायची, मुंबईचं. मी म्हटलं, जा, आई वाट बघत असेल.

"जातो. पण अर्धीच रजा घरी. आधी दुसऱ्या देशात जातो. सायकल घेऊन. एकटा."

मला वाटलं उन्हानं डोकं फिरलं. रस्ता ओलांडायला शर्ट धरणारा माणूस!

"ऐक ना, भाय. इथं बसायची माझी हिंमत नाही. घरी गेलो तर आई सायकलीला हात लावू देणार नाही. जिथं मला कोणी ओळखत नाही तिथं एकदा बसून बघतो. नाही जमलं तर हसायलापण कोणी नाही. पण आत्ता नाही बसलो ना, तर मग कधीच नाही बसणार. उद्या जिन्यालासुद्धा घाबरेन मी."



आता आमच्या पगारात कुठला देश परवडणार? तो मनामाला ट्रॅव्हलवाल्याकडे जाऊन आला, गुळगुळीत रंगीत पुस्तक घेऊन. त्यात सायप्रसचे फोटो. गोरी माणसं, डोक्याला हेल्मेट, सायकली अशा की माझ्या सहा महिन्यांच्या पगारात घंटी आली असती.

"ह्यांना कोण उचलतं?" मी विचारलं.

"विमा उचलतो," तो म्हणाला आणि पुस्तक गादीखाली ठेवून दिलं.

मग मीच त्याला म्हटलं, देश शोधायला पुस्तक कशाला? आमच्या कॅम्पात एकेका दारामागं एकेक देश राहत होता. दार ठोठवायचं आणि विचारायचं. हा निघाला विचारायला आणि मी मागून, कारण एकट्याला बोलायचंपण धाडस नव्हतं.

नेपाळचा वॉचमन म्हणाला, "हमारे यहाँ व्हिसा नहीं, खर्चा नहीं. मगर गिरेगा ना, तो नीचेवाले गाँव में मिलेगा." हा दोन दिवस जेवला नाही. फिलिपिनो पेंटर म्हणाला, उचलतील, जेवायला घालतील आणि आठवडाभर घरातून सोडणार नाहीत. पण तिथलं तिकीटच आमच्या खिशाबाहेरचं. आमचा पेशावरचा ड्रायव्हर मिशीत हसला. "मेरे यहाँ आ. तुझे उठाने सीधा पुलिस आएगी, इंडियावाले!" आणि मग जरा वेळानं हळूच म्हणाला, "वैसे रास्ता बहुत खूबसूरत है, यार."

हे मी तेव्हा बघितलं. प्रत्येकानं आपल्याच देशाची आधी भीती घातली. आणि आम्ही उठून दारापर्यंत आलो की मागून हाक मारून सांगायचा, गेलासच तर आमच्या घरावरून जा.

मेसचा कुक लंकेचा होता. त्यालाही विचारून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी भात वाढता वाढता म्हणाला, "गॉल जाओ. समुंदर का रास्ता, सीधा, चढाव नहीं. मेरा भाई का टायर दुकान. तुम गिरेगा, भाई उठाएगा."

झालं. ह्याच्या प्रश्नाला उत्तर देणारा देश सापडला. मुंबईच्या तिकिटात थोडी भर घातली की कोलंबोवरून जाता येत होतं. आपल्या पासपोर्टला तिथं फार कटकट नव्हती, खाणं स्वस्त. पण तिकडं लढाई चालू होती. कुक म्हणायचा, लढाई उत्तरेला, गॉल दक्षिणेला. मी म्हटलं, बॉम्बला उत्तर-दक्षिण कळते काय? ह्याचा चेहरा पांढरा पडला, पण तिकीट काढलं. घरी काय सांगितलं? रजा उशिरा मिळाली. म्हणजे हा हरवला तर आईला माहीतसुद्धा नाही. शोधायचं कोणी? आम्ही!

मी त्याच्या सायकलच्या पुढच्या चाकाचा वाकलेला चिमटा सरळ केला, कॅरिअरला दोन रॉड जास्त जोडले. जायच्या आदल्या दिवशी कुक एक कापडी गाठोडं घेऊन आला. शिवलेलं. भावाला द्यायचं.

आता आमच्यात एक रीत होती. रजेवर जाणारा माणूस अर्ध्या कॅम्पाचं सामान नेतो. पण ज्याचं सामान त्यानं नेणाऱ्याच्या पलंगावर एकेक वस्तू मांडायची, त्याच्यासमोर बांधायची, त्याच्यासमोर दोरी आवळायची. शिवून आणलेलं आमच्यात कोणी घेत नसे. दुसऱ्या कॅम्पातला एक माणूस असंच एक शिवलेलं नेताना विमानतळावर धरला गेला होता, पुन्हा दिसलाच नव्हता.

कुक गेला तसा मी सुरी घेतली. "फाड."

"नाही, भाय."

"मी फाडतो."

त्यानं गाठोडं पोटाशी धरलं. काही केल्या सोडेना. "त्यानं मला भाऊ दिला, भाय. मी त्याची शिवण उसवू?"

"आणि त्यात भलतंच निघालं, तुरुंगात गेलास, मग कोण उचलणार?"

गाठोडं तसंच धरून तोंड उशीत घालून पडला. मी त्याच्याशी बोललो नाही, कुकशीपण नाही.

सकाळी कंपनीची गाडी आली. ह्यानं सायकलचा खोका चढवला, वर गाठोडं. गाडीत बसायच्या आधी मागं बघितलं. बसल्यावर बघितलं. गाडी वळेपर्यंत मागच्या काचेतून त्याचं तोंड दिसत होतं. मी हात केला नाही. रागावलो होतो.

मग बातमी आली. कोलंबोत स्फोट. कुकच्या रेडिओवर त्याच्या भाषेत चाललेलं, मला एक अक्षर कळेना, त्याच्या तोंडाकडं बघून काय ते समजायचं. भाताचं पातेलं करपत होतं आणि कुक डाव हातात घेऊन नुसता उभा. मी गॅस बंद केला. म्हटलं, चल.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाबाहेर कार्डाचा फोन होता. त्यानं भावाच्या शेजारच्या दुकानात लावला. बोलला, ऐकलं, आणि फोन तसाच हातात.

"दुकान बंद," म्हणाला. "भाई सुबह से नहीं. किधर, मालूम नहीं."

टायरवाला दुकान कधी बंद ठेवत नसे, हे कुकनंच आम्हाला अभिमानानं सांगितलेलं. मला ते गाठोडं दिसायला लागलं. वाटलं, दोघं गेले. स्फोटात नाही तर गाठोड्यात. कुक फूटपाथवर बसून रडायला लागला. त्याला विचारायची हीच वेळ होती, आत काय बांधलं होतंस? विचारलं नाही. भलतंच उत्तर आलं असतं तर? मी त्याच्या बाजूला बसलो, एवढंच. तेव्हा मला कळलं की वाळूत उताणा पडलेला माणूस हलत का नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ फोनवर आला. कुक ऐकून मला "है," एवढंच म्हणाला. "आगे गया." पुढे म्हणजे कुठं? पुढे. बस्स. त्याची उरलेली रजा आम्ही त्या 'पुढे'वर काढली.

आणि एका दुपारी हा दारात उभा! काळा कुळकुळीत झालेला, कोपरावर खपली, हातात वसईची सुकेळी. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "भाय, पडलो."

मग सांगायला बसला. कुकपण भांडी टाकून आला.

गॉलला भावाच्या घरी रात्र काढली आणि सकाळी हा एकटा निघाला. ब्रेक दाबले, मागं बघितलं. थोडं गेला, मागं बघितलं, तर एक स्कूटर. डोक्याला हेल्मेट, तोंड दिसत नाही. हा हळू झाला की स्कूटर हळू. हा थांबला की ती नारळाखाली थांबते.

"मला वाटलं, मिलिटरीचा माणूस. नाहीतर चोर. नाहीतर गाठोड्याचं काही तरी. भाय, काय सायकल हाणली मी! आयुष्यात एवढी हाणली नाही. मला आठवतसुद्धा नव्हतं की मी पडायला घाबरतो."

अख्खा दिवस हा पळत होता आणि स्कूटर मागं. शेवटी एका पुलाच्या वळणावर मागं बघण्याच्या नादात चाक वाळूत गेलं आणि आडवा. स्कूटर आली. माणूस उतरला. ह्यानं डोळे मिटून घेतले. उघडले तर हेल्मेट काढून टायरवाला उभा.

"म्हणाला, मोठ्या भावानं फोनवर सांगितलं, हा पडणार, मागून जा, पण त्याला कळू देऊ नको, तो एकटा जायचं म्हणतोय."

कुक खाली मान घालून बसला होता. म्हणून दुकान बंद होतं! आणि आपणच भावाला रस्त्यावर धाडलं म्हणून फूटपाथवर रडला होता तो.

"मग? उचललं?" मी विचारलं.

"कुठलं उचलतो! माझं तोंड बघून पोट धरून हसत बसला रस्त्यात. मग मलापण हसू आलं. हसता हसता बघतो तर मी उभा."

"आणि मग?"

"मग त्याला घरी पाठवला. म्हटलं, जा, दुकान उघड. पुढं मी बघतो."

गाठोड्याचं मीच विचारलं, कुक भांड्यांकडं गेल्यावर. ह्यानं आवाज खाली घेतला. साडीचा कपडा, बाम, आणि आमच्या मेसची खुब्ज. वाळून लाकूड झालेली रोटी. कुकच्या आईनं विचारलं होतं, तिकडं काय खातोस रे, म्हणून. म्हातारी ती मांडीवर घेऊन हात फिरवत बसली. तीच रोटी आम्ही रोज नावं ठेवत खायचो. ती आमच्या डोळ्यांदेखत बांधायला त्याला लाज वाटली असेल. मी सुरी कपाटाच्या मागं टाकून दिली.

"भीती गेली काय रे?" मी विचारलं.

"नाही गेली. कॅरिअरवर बसून आली सगळीकडं. तू कॅरिअर मजबूत केलं होतंस ना."

शुक्रवारी तो परत हिद्दला जायला लागला. ब्रेक दाबायचा, मागं बघायचा, जायचा.

पुढं काही वर्षांनी कंपनीचं काम कमी झालं, त्याचा व्हिसा खलास. सायकल मला देऊन गेला. विमानतळावर आम्ही तिघं सोडायला गेलो, मी, कुक आणि ड्रायव्हर. सामानाची ट्रॉली ढकलत तो आत निघाला. दारापाशी थांबला. ट्रॉलीच्या दांडीवर दोन्ही मुठी त्यानं दाबल्या, ब्रेकसारख्या. मी दोघांना म्हटलं, आता मागं बघेल, हात वर करा.

आम्ही तिघांनी हात वर केले.

त्यानं बघितलं नाही. सरळ आत गेला. आमचे हात वरच राहिले.