नावं खोडणाऱ्या बाई

मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे ‘खोडरबर बाई’ म्हणत, आणि ते बाईंना चांगलं ठाऊक होतं. शरीराच्या कुठल्याही भागाला माणसाचं नाव चिकटलेलं त्यांना खपत नसे. टाचेमागच्या जाड दोरीला कुणी ‘अकिलीस’ म्हटलं की त्या शांतपणे विचारत, "हे गृहस्थ राहतात कुठे? टाचेतच ना? मग टाचेचं नाव घ्या की."

याचं मूळ त्यांच्या स्वतःच्या तोंडी परीक्षेत होतं. परीक्षकांनी पोटातली एक खोबण दाखवून नाव विचारलं. बाईंनी ती कशाच्या मागे, कशाच्या खाली, तिथून काय काय जातं, सगळं घडाघडा सांगितलं. "ते झालं," परीक्षक म्हणाले, "पण कोणाची?" जणू जागा भाड्यानेच घ्यायची होती. मालक काही आठवला नाही आणि बाई नापास झाल्या. तेव्हापासून या सगळ्या मालकांशी त्यांनी उभा दावा मांडला.

लग्न मात्र केलं कानाच्या डॉक्टरांशी. त्यांच्या तोंडी उठताबसता युस्टेशियन ट्यूब, म्हणजे पुन्हा एका गृहस्थाचंच नाव.

"कानापासून घशापर्यंत जाते, तर कान-घसा नळी म्हणायला जीभ झडते का तुमची?" बाई चहा गाळता गाळता विचारत.

"अगं, पेशंट ताटकळतायत. नावावरून काय भांडतेस?"

"बायकांच्या पोटातल्या नळ्यांनाही पुरुषाचंच नाव. तुमच्या एखाद्या नळीला कुणी बाईचं नाव लावलंय का?"

डॉक्टर पेपरात तोंड खुपसत. या विषयात आपली डाळ शिजणार नाही, हे त्यांना कधीच कळून चुकलं होतं.

मग एका वर्षी मुलं एका म्हाताऱ्या माणसाच्या डाव्या हाताचं विच्छेदन करत होती, तेव्हा मनगटापाशी एक सडपातळ, जादा स्नायू निघाला. थेट करंगळीच्या मुळाशी गेलेला. बाईंनी जाडजूड ग्रंथ पालथे घातले. असे जादा स्नायू काहीजणांना असतात, पण नेमका या वाटेने गेलेला कुठे दिसेना.

"मॅडम, तुमचंच नाव द्या," मुलं मागे लागली. घरी डॉक्टरांनीही री ओढली.

"मी काय केलं? कातडी बाजूला सारली. तो बिचारा आधीपासून तिथेच होता," बाई म्हणाल्या, आणि नाव ठरवलं: ‘मनगटाच्या पुढच्या आवरणापासून निघून करंगळीच्या मुळाशी आतल्या कडेला लागणारा, करंगळी दूर नेणारा जादा स्नायू’. ते म्हणताना मुलांना मध्येच श्वास घ्यावा लागे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी विभागात एक आजी आल्या. किरकोळ अंगाच्या, ताठ बसणाऱ्या.

"आमच्या ह्यांनी देह दिला होता. शिंपी होते. काही उपयोग झाला का, एवढंच विचारायचं होतं."

"खूप झाला," बाई म्हणाल्या. सगळ्यांना त्या हेच सांगत. कुठला देह कोणाचा हे बोलायचं नाही, असा नियमच होता.

आजी उठल्या नाहीत. "त्यांची डावी करंगळी बघितलीत का? दोरा ओवताना एकटीच बाजूला उभी राहायची, रुसल्यासारखी. मी फार चिडवायचे."

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. नियम त्यांना पाठ होता. तरीही त्यांनी उठून दार लोटलं, आजींचा हात हातात घेतला आणि मनगटापासून करंगळीपर्यंत बोट फिरवत सगळं सांगितलं.

आजींनी आपली करंगळी बाजूला ताणून बघितली. "म्हणजे मुद्दाम नव्हते करत," त्या म्हणाल्या. "आणि ह्याला म्हणता काय?"

बाईंनी नाव सांगितलं. मध्ये श्वास घेतला.

"एवढं लांबलचक? आणि त्यात हे कुठेच नाहीत?"

बाई पहिल्यांदाच गडबडल्या. माणसाच्या नावावरून वस्तू कुठे आहे ते कळत नाही, असं काहीतरी त्या समजावू लागल्या. आजींनी मान डोलावली.

"ते मात्र खरं. ह्यांना नावाने हाका मारमारून गिऱ्हाइकांचा घसा बसायचा, पण कुठे आहेत ते कधी कळलं नाही."

दोघी हसल्या. मग बाईंना राहवेना. त्यांनी भिंतीवरच्या चित्रात मांडीवरून तिरका उतरणारा लांब स्नायू दाखवला. "ह्याला जुन्या काळापासून शिंप्याचा स्नायू म्हणतात. शिंपी मांडी घालून बसतात ना, तशी बैठक जमवायला तो लागतो."

"फक्त शिंप्यांना असतो?"

"सगळ्यांना. मला, तुम्हाला, आमच्या घरच्या डॉक्टरांना."

"अरे वा. पँट वेळेवर दिली नाही म्हणून ह्यांना चारचौघांत जे झापायचे, त्या सगळ्यांच्या मांडीत शिंपी," आजी म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले, पण हसू काही आवरेना.

पुढे बाईंचा लेख छापून आला, पूर्ण लांबीच्या नावासकट. त्याची प्रत त्यांनी आजींना पाठवली. आठवड्याभराने फोन आला. शेजारच्या मास्तरांनी तो सगळा लेख आजींना वाचून, समजावून सांगितला होता.

"नाव राहू द्या तसंच," आजी म्हणाल्या. "आता पाहुण्यांना सांगताना मी ते हळूहळू म्हणते. लांब आहे म्हणून पुरतं तरी बराच वेळ."