मांजरीला न दाखवता नेलेलं पिल्लू

ही गोष्ट मी पत्नीलाही कधी सांगितली नाही. दोन-तीनदा विषय निघाला तेव्हा मीच तो बदलला. आता ती नाही, आणि गप्प राहायला माझ्याकडे फारसे दिवसही उरलेले नाहीत. म्हणून लिहितो.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. ठाकुर्लीला आमची एक खोली होती आणि मी कल्याणला कचेरीत कारकून होतो. उंदरांनी पत्नीच्या लुगड्यांची चाळण केली होती. मानपाड्याची एक म्हातारी दारावर भाजी घेऊन यायची. ती म्हणाली, "माझ्याकडं तीन पिल्लं हायत. ये नि तुझ्या हातानं निवड. पन आयशीला दाखवून न्यायचं. पिशवी तिच्या नाकाशी धरायची, 'नेतो' म्हनायचं. नाय तर ती शोधत राहते."

रविवारी गेलो. तिन्हींतलं करडं पिल्लू धीट होतं, बोटाला चावलं. तेच निवडलं. मांजर मात्र घरात नव्हती.

"दिवे लागले की येईल, बस," म्हातारी म्हणाली. "पांढरी हाय, पाठीवर चुलीत भाजल्याचा डाग."

ती म्हैस बांधायला गेली. ऊन उतरत होतं आणि मला बांधावरून लांब चालायचं होतं. मी पिल्लू पिशवीत घातलं आणि निघालो.

"दाखवलंस?" तिने गोठ्यातून विचारलं.

"हो, आत्ताच येऊन गेली."

पुढच्या खेपेला तिने टोपली उतरवली आणि म्हणाली, "काय रे बाला, पिल्लू उंदीर धरतं, का तुझ्यासारखं नुसतं लोळतं?" पत्नी हसली. मग म्हातारीने आवाज खाली आणला. मांजर सारखी रडत होती, उरलेल्या दोघांना अंगाला लागू देत नव्हती. सुनेला आठवा महिना, आणि मांजर तिच्याच बाजेभोवती फिरायची.

"पिल्लासाठी म्हनावं, तर ते तू दाखवून नेलंस. मग हे रडनं कोनाच्या नावाचं?"

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी पडवळ निवडत राहिलो.

त्यानंतरच्या खेपेला कळलं की तिने लेकाला सांगून मांजर पोत्यात घातली आणि खाडीपार सोडली. मागे राहिलेली दोन्ही पिल्लं मेली.

आठ-दहा दिवसांनी, रविवारी भर दुपारी, आमचं पिल्लू झोपेतून उठून दाराकडे बघत बसलं. उंबऱ्यात एक पांढरी मांजर उभी होती. पोटाला खाडीचा चिखल वाळलेला, पाठीवर केस नसलेला डाग. खाडीपार सोडलेली मांजर, न पाहिलेल्या घरी. ती आवाज न करता आत आली आणि तिने पिल्लाला डोक्यापासून शेपटीपर्यंत हुंगलं. पिल्लाने फिस्कारून तिला पंजा मारला. ती मागे सरली नाही. बसून राहिली, आणि पिल्लाकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मग निघून गेली.

"कोणाची हो?" पत्नीने विचारलं.

"कुणास ठाऊक."

फरशीवर चिखलाचे ठसे माझ्या खुर्चीपर्यंत आले होते. परत गेल्याचे नव्हते. पाय कोरडे झाले असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली.

महिन्याभराने मानपाड्याला गेलो. सून सुखरूप बाळंत झाली होती, पाळण्यात नात होती. म्हातारी उंबऱ्यावर दुधाची वाटी ठेवून बसली होती. ती खंगलेली दिसली.

"रोज दिवेलागणीला दार खरवडल्याचा आवाज येतो. उघडते, तर कोन नाय. घरात दुसऱ्या कोनाला ऐकू येत नाय. मुक्या जिवाला मी अपशकुनी ठरवलं रे. वाईट तर काय झालंच नाय. मग रडत कशासाठी होती?" ती माझ्याकडे बघत राहिली. "तुला कुठं दिसली का?"

"नाही," मी म्हणालो.

तिने शेवग्याच्या चार शेंगा माझ्या हातात दिल्या, बायकोला दे म्हणाली. मी त्या घेऊन उभाच राहिलो. वाटभर घोकलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं: मावशी, मी पिल्लू तिला दाखवलंच नव्हतं, चूक तुमची नाही, माझी आहे, मला माफ करा. त्यातलं 'मावशी' एवढंच बाहेर पडलं. ती "काय रे?" म्हणाली, आणि मी "येतो" म्हणून वळलो.